उघड्या झाकणाची दगडाबाई

दगडाबाईला झाकण लावायची सवय नव्हती. विसरायची असं नव्हे. विसरायला ती गोष्ट आधी डोक्यात असावी लागते. चहा झाला की साखरेचा डबा उघडा, लिहून झालं की पेन उघडं, कपाटाची दोन्ही दारं वारा खात उभी. नगरला वसतिगृहात राहायला आली तेव्हा खोलीचं दार सताड उघडं टाकून ही आत गाढ झोपायची. रेक्टरबाई कडाडल्या, "अगं, चोर शिरला म्हणजे?" ही डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "शिरंल, बघंल आन् जाईल. हाय काय इथं न्यायला?"

गाव शनिशिंगणापूर, हे कळलं की लोक "अस्सं होय" म्हणून गप्प बसायचे. तिच्या घराला चौकट होती, उंबरा होता, कुत्रं शिरू नये म्हणून आडवी फळी होती, दार नव्हतं. पेटीला कुलूप नाही, फडताळाला कडी नाही. आयुष्यातली पहिली कडी तिनं लावली ती अठराव्या वर्षी, वसतिगृहाच्या न्हाणीघरात, आणि मग ती उघडेना म्हणून आतून असा काही गलका केला की अख्खा मजला गोळा झाला. तेव्हापासून कडीशी तिचं जे वाकडं आलं ते आलंच.

आणि नाव? तेही सांगून टाकलेलं बरं, कारण लोक ऐकलं की हसतात. कानिफनाथ आणि भागूबाई यांची आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथी ही झाली. कुणाची नजर नको म्हणून नाव ठेवलं दगडाबाई. दगडाला कोण कशाला उचलून नेतंय! पुढं बाई एम.एस्सी. झाल्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागल्या, तेव्हा एका शहाण्यानं सुचवलं की नुसतं 'डी. के.' लिहा, बरं दिसतं. दगडाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या नावानं मी जगलेय," ती म्हणाली. "तुमच्या डीकेचा भरवसा नाही."

नाव ठेवूनही दुखणं काही चुकलं नव्हतं. वर्षाची व्हायच्या आधीच पोरीला असा ताप भरला की डॉक्टरनंही हात टेकले. कानिफनाथ तेव्हा तरणेबांड, आणि बिडीचे पक्के. ते तसेच उठले, शनिदेवापुढं जाऊन बिडीचं बंडल टाकलं आणि मोठ्यानं म्हणाले, "माजी पोर वाचू दे. जल्मात बिडी वढनार न्हाई." पोर वाचली. तेव्हापासून कानिफनाथांची बिडी म्हणजे गावाच्या बोलण्यातली गोष्ट झाली. कुणाचा पोरगा बिडी ओढताना सापडला की त्याची आई त्याचा कान धरून म्हणायची, "बघ त्या कानिफबाबाकडं, लेकीसाठी सोडली ती सोडली!" कानिफनाथ जवळ असले तर नम्रपणे खाली बघायचे.

आता एवढी सगळी उघडी बाई, तिनं पीएच.डी.ला विषय कोणता घ्यावा? हवेनं नासणाऱ्या वस्तूचा!

आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीला एक पडदा असतो, पातळ आणि स्निग्ध. ज्या रेणूंचा तो बनतो त्यांना फॉस्फोलिपिड म्हणतात. शेंगदाण्याचं तेल जुनं झालं की खवट होतं ना, तसे हे रेणूही खवट होतात. ऑक्सिजन येऊन त्यांना चिकटतो आणि पडदा कमजोर होतो. बिडीच्या धुरानं रक्तातल्या तांबड्या पेशींचा पडदा असा किती खवट होतो, आणि त्यातला नेमका कुठला रेणू आधी बळी पडतो, हे दगडाबाईला शोधायचं होतं. डोळ्यांना हे दिसत नाही. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.

"म्हंजे काय गं?" आबांनी, म्हणजे कानिफनाथांनीच, विचारलं होतं.

"वजनकाटा, आबा. पन येकेका रेनूचा. चांगल्या रेनूचं वजन ठरल्यालं असतं. ऑक्सिजन चिकटला की सोळानं वाढतं, दोन चिकटले की बत्तीसनं. कागदावर मंग डोंगरावानी शिखर उमटतं, जिथं नगं तिथं."

आबांनी जरा विचार केला. घोडेगावच्या बाजारात कांदा विकून विकून माणूस काट्यातलं सगळं कोळून प्यालेला होता. "कांद्याच्या गोनीत माती घातल्यावानी," ते म्हणाले. "वजान वाढलं की समजायचं, आत घान हाय."

"बराब्बर तसंच!" दगडाबाई खूश झाली. पुढं कितीतरी वर्षं वर्गात ती हाच दाखला देत असे.

मेख एवढीच, की रक्त काढून त्यातले ते रेणू नळीत घेतले आणि नळीला हवा लागली, तरी ते खवटच होणार. मग बिडीनं झालं की हवेनं, हे काट्याला कसं कळावं? म्हणून नळीत नायट्रोजन भरायचा, झाकण घट्ट लावायचं, बर्फात ठेवायचं. झाकण! अख्खा विषयच झाकणावर उभा.

तिचे मार्गदर्शक मुथा सर म्हणजे नगरच्या कापडबाजारातल्या जुन्या घरातले. पाणी गाळून, झाकून, झाकणावर वाटी पालथी घालून पिणारा माणूस. असा गुरू आणि अशी चेली एका दावणीला बांधणाऱ्याची कमाल म्हणायची. दिवसभर प्रयोगशाळेत एकच घोष चालायचा: "झाकण, दगडाबाई, झाकण!" फार चिडले की ते तिचं नावही घेत नसत. नुसतं ओरडायचे, "ए शिंगणापूर!"

शेवटी सरांनी तिला एक सक्ती केली. "तुझा मला काडीचा भरवसा नाही. प्रत्येक नळीत आपला एक साक्षीदार घालायचा." साक्षीदार म्हणजे विकत आणलेलं एक शुद्ध फॉस्फोलिपिड, असंच नाजूक, पण वजनाला हलकं, म्हणजे माणसाच्या रेणूंत मिसळून न जाणारं. नळीला हवा लागली तर तोही खवट होणार आणि चुगली करणार. दगडाबाईला ते फार लागलं. आपल्यावर पहारेकरी बसवला म्हणून तिनं दोन दिवस सरांशी धड बोलणं सोडलं. पण साक्षीदार घातला.

रक्त द्यायला बिडी ओढणारे हवे तितके मिळाले. नगरात काय कमी? अडचण आली ती न ओढणाऱ्यांची. साठीच्या आसपासचा, शेतात राबणारा आणि तंबाखूच्या वाऱ्यालाही न गेलेला बाप्या या जिल्ह्यात शोधून दाखवा! बिडी नाही तर चुना-तंबाखू, तो नाही तर काहीतरी. दगडाबाईला मग घरचाच हिरा आठवला. आबा! तीस वर्षांचा निर्मळ माणूस. मुथा सरांनाही त्यांची गोष्ट इतकी आवडली की ते म्हणाले, "न ओढणाऱ्यांच्या गटात हा तुझा खांब."

भागूबाईंनीही हौसेनं बाही वर केली होती. पण दगडाबाईनं त्यांना बाद केलं, कारण त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायच्या आणि मिश्री म्हणजे तंबाखूच. "आगं, आर्धी चिमूट लावते मी!" भागूबाईंचा पापड मोडला. "तुजा बाप तेवढा सोन्याचा आन् मी काय पितळंची?" आबा बाही वर करून शांतपणे बसून राहिले. सुई टोचताना मात्र त्यांनी एकदा विचारलं, "ह्ये जरूरच हाय का?" दगडाबाईला वाटलं, सुईला घाबरतायत.

ते यंत्र नगरात कुठलं असायला! पुण्याला एका मोठ्या संस्थेत होतं, आणि त्यावर नंबर लागायचा म्हणजे वैशाखातलं मंगल कार्यालय मिळण्यासारखं. कित्येक महिने अर्ज करून शहाण्णव सालच्या दिवाळीनंतरची तारीख मिळाली. दगडाबाई थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात नळ्या घेऊन एसटीनं पुण्याला गेली. खिडकीची काच उघडी, पर्स उघडी, थर्मास मात्र तिनं छातीशी धरला होता.

यंत्र चालवणारा संदीप हा यंत्राइतकाच थंड माणूस. एक एक नळी घालायचा, कागद बाहेर यायचा, "हं" म्हणायचा. बिडी ओढणाऱ्यांची शिखरं जिथं यायला हवी होती तिथं झोकात आली. न ओढणाऱ्यांची रेघ सपाट. दगडाबाईला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मग आबांची नळी लागली. कागद बाहेर आला आणि संदीपनं आयुष्यात पहिल्यांदा भुवया उचलल्या. सोळावर शिखर, बत्तीसवर शिखर. नगरच्या भल्याभल्या बिडीबहाद्दरांना खाली बसवेल असं.

"ही बिडीवाल्यांतली ना?"

"नाही," दगडाबाई म्हणाली.

"मग हवा लागली असणार. झाकण नीट लावलं होतं का?"

काय सांगणार? लावल्याचं तिला आठवेना. न लावल्याचंही आठवेना. लोकांना आपण गॅस बंद केला का हे आठवत नाही तरी निदान सवयीवर हवाला ठेवता येतो. हिची सवय कोणती, ते आपण पाहिलंच.

नगरला आल्यावर मुथा सरांनी कागद पाहिला आणि ते ओरडलेसुद्धा नाहीत. तेच वाईट. "एका नळीचं झाकण उघडं राहिलं," ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे बाकीच्यांचं लागलं होतं हे मी कशावरून मानू? सगळं कामच संशयात आलं. सोमवारपर्यंत मला कारण सांग. नाहीतर यंत्राची पुढची तारीख मी अश्विनीला देतो. विषयासकट." अश्विनी ही त्यांची दुसरी विद्यार्थिनी, ती झाकणाला झाकण लावणारी होती. आणि दगडाबाईची कॉलेजातून मिळालेली रजा चालू शैक्षणिक वर्षाअखेर संपत होती. विषय गेला म्हणजे रिकाम्या हातानं परत.

ती रात्रभर तळमळली आणि पहाटे ताडकन उठून बसली. साक्षीदार!

संदीपनं कागदावर छापला होता तो जड रेणूंचा भाग. साक्षीदार हलका, त्याची जागा पार डावीकडं, न छापलेल्या भागात. एसटीडी बूथ उघडायची वाट बघत ती तिथंच पायरीवर बसून राहिली, आणि पुण्याला फोन लागल्यावर "नमस्कार"ही न म्हणता ओरडली, "डावीकडचं पाठवा!" दुपारी फॅक्स आला. आबांच्या नळीतला साक्षीदार धुतल्या तांदळासारखा होता. स्वतःचं एक शिखर, शेजारी कुणी नाही. सोळा नाही, बत्तीस नाही. हवा लागलीच नव्हती. झाकण लागलं होतं! जन्मात एकदा लागलं होतं आणि त्याला पुरावाही होता!

दगडाबाईनं बूथवाल्यासमोर एक गिरकी घेतली. आणि गिरकी पुरी व्हायच्या आत मटकन स्टुलावर बसली.

हवेनं नाही, तर कशानं? घाण नळीत शिरलेली नव्हती. ती आबांच्या अंगातूनच आली होती. पेशींचा पडदा असा नासायला बिडीच लागते असं थोडंच आहे? कितीतरी आजारांत असंच दिसतं, हे तिनं स्वतः वाचलेलं, स्वतः लिहिलेलं. आबांचा सदरा अलीकडं खांद्यावरून ओघळायला लागलाय, गेल्या सुट्टीत ते एकच भाकरी खाऊन उठले होते, हे सगळं तिला एकदम आठवलं. बिडी तर त्यांनी तिच्यासाठी सोडलेली. मग राहिलं काय? दोनच गोष्टी असू शकत होत्या. एक तर बाप आजारी, नाहीतर बाप खोटारडा.

शनिवारी ती गावी निघाली. घोडेगावला उतरून टेम्पोनं शिंगणापुरात आली तेव्हा दर्शनाला ही गर्दी, तेलाचा वास, फुलवाल्यांचा आरडाओरडा. एरवी घरी जाण्याआधी ती लांबूनच हात जोडायची. आज थांबली, डोळे गच्च मिटले आणि अगदी मनापासून म्हणाली, "शनिदेवा, एवढं ऐक. माझा बाप खोटारडा निघू दे."

शेजारी तेलाची बाटली घेऊन उभी असलेली बाई दोन पावलं लांब सरकली.

घरी भागूबाई करवादत होत्या. सकाळपासून लाईट नव्हती, गिरणी बंद, दळण तसंच पडलेलं. आबा ओट्यावर बसले होते. "आलीस व्हय?" म्हणाले आणि कच्चा कांदा चावत राहिले. कांदा त्यांना फार. जेवण असो नसो, तोंडात फोड असायचीच. दगडाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. नखं बघितली, डोळे बघितले, घासागणिक भाकरीकडं बघितलं. "काय गं, नदर लावती का?" आबा म्हणाले. तिला हसू आलं नाही.

जेवण झालं तसे आबा उठले. "जरा मोटार चालू करून येतो," म्हणाले आणि विहिरीकडं चालू लागले.

दगडाबाईनं मान वर करून पंख्याकडं पाहिलं. पंखा ढिम्म.

"आई, लाईट कवा आली?"

"कुठली आलीय! तीच तर रड हाय."

"मंग आबा मोटार कशी चालू करनार?"

"लाईट येईल म्हून जाऊन बसत्यात तिथं," भागूबाई भांडी गोळा करत म्हणाल्या. "रोजचंच हाय त्येंचं. मोटारीचा लई घोर."

दगडाबाईनं चपलाही घातल्या नाहीत. बांधाच्या आडून, घासाच्या वाफ्यातून ती विहिरीपर्यंत गेली आणि चिंचेच्या खोडामागं उभी राहिली. विहिरीशी लाकडी खांबावर मोटारीच्या स्टार्टरची पत्र्याची पेटी होती. शॉक बसेल म्हणून तिला घरातलं कुणी हात लावत नसे. लहानपणी दगडाबाईला तर पेटीच्या चार हात लांब राहायची ताकीद होती. आबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पेटीचं दार उघडलं, आतून काहीतरी घेतलं आणि दार लावलं. नुसतं लावलं नाही. खिट्टी अडकवली, वर अंगठ्यानं दाबली आणि ओढून पाहिली, नीट बसली का.

दगडाबाईनं खोडाआडून मान पुढं काढली. या माणसाला तिनं जन्मात काही बंद करताना पाहिलं नव्हतं. दुधाचं पातेलं नाही, धान्याची कणगी नाही. आणि हे एवढंसं पत्र्याचं दार मुथा सरांनी पाठ थोपटावी असं लावलं होतं!

मग आबा चिंचेकडं पाठ करून उकिडवे बसले, काडी ओढली, आणि विहिरीवर निळा धूर तरंगायला लागला.

"आबा!" दगडाबाई अशी काही किंचाळली की चिंचेवरचे कावळे उडाले. "आबा, तुमी बिडी वढता!"

आबांच्या हातातली बिडी विहिरीत पडली. "मी... मोटार..."

"लाईट न्हाई, आबा! लाईटच न्हाई!" आणि ही बया धावत येऊन त्यांच्या गळ्यातच पडली. हसत होती, रडत होती, त्यांच्या मुंडाशाचे मुके घेत होती. "तुमी खोटारडे हाय! लई खोटारडे हाय! देवा, लई उपकार झाले!"

आबांनी जन्मभर या दिवसाची धास्ती घेतली होती. लेक रडेल, बोलायची बंद होईल, काय काय त्यांनी मनात धरलेलं. मुक्यांची तयारी नव्हती. "येडी झाली का काय?" ते घाबरून म्हणाले. मग तिनं त्यांना सगळं सांगितलं, काट्याचं, साक्षीदाराचं, आणि आपण दोन दिवस त्यांना मनातल्या मनात दवाखान्यात नेऊन बसवलं होतं त्याचं. आबा ऐकत होते आणि त्यांची मान खाली खाली जात होती.

"सोडली हुती गं," ते शेवटी म्हणाले. "खरंच सोडली हुती. तू चालाय लागलीस तवर हात लावला न्हाई. मंग वाटलं, येक वढून बघावी. वढली. रातभर तुज्या नाकाशी बोट धरून बसलो, सास चालू हाय का बघत. तुला काय झालं न्हाई. मंग आनीक येक." त्यांनी जमिनीवर रेघोट्या ओढल्या. "पन तुला जरा ताप आला, ठसका लागला, की बंद. तुला गोवर निघाला तवा म्हैनाभर बंद. दहावीला टायफाईड झाला तवा चार म्हैने. तू ठनठनीत झालीस की पुन्ना चालू. न्हाई राहवत गं मला."

दगडाबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. तिच्या सगळ्या दुखण्यांचा असा हिशेब कुणीतरी ठेवला होता, आणि तोही बिडीत! तिला त्यांची इतकी माया आली की काय करावं ते सुचेना, म्हणून तिनं पेटीतलं बंडल काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

एवढ्यात ओरडा ऐकून भागूबाई धापा टाकत आल्या. त्यांना कळायला फार वेळ लागला नाही. आणि मग जे काही सुरू झालं ते ऐकून शेजारच्या मळ्यातला छगन काम टाकून बांधावर येऊन बसला. "तीस वर्सं कच्चा कांदा खाल्ला ह्या मानसानं! मला वाटायचं, लई आवड! मी चांगला चांगला कांदा निवडून ह्येंच्या ताटात ठिवायची! आन् तू गं? आर्ध्या चिमटीच्या मिश्रीसाठी मला बाद केलंस, आन् ह्यो तुजा खांब!" आबांनी घाईघाईनं विचारलं, "शपत घिऊ का पुन्ना?" त्यावर मायलेकी एकदमच ओरडल्या, "नगं!"

सोमवारी मुथा सरांच्या टेबलावर दोन कागद आणि बिडीचं बंडल ठेवलं गेलं. सरांनी साक्षीदाराचं शिखर भिंग लावून पाहिलं, मग बंडल दोन बोटांत धरून पाहिलं. त्यांच्या मिशीचं टोक हललं, पण ते हसले नाहीत. "झाकण लागलं होतं, हे मान्य," ते म्हणाले. "पण शिखर बिडीचंच, हे तुझ्या वडिलांच्या तोंडचं झालं. आणि त्यांच्या तोंडचं किती धरायचं, ते तूच आत्ता सांगितलंस. तांबडी पेशी जगते चार महिने. त्यांनी खरंच सोडली, तर चार महिन्यांत सगळ्या पेशी नव्या. मार्चची तारीख मी तुझ्याकडे ठेवतो. शिखर गेलं तर विषय तुझा. नाही गेलं तर अश्विनीचा."

म्हणजे दगडाबाईची पीएच.डी. आता आबांच्या बिडीला टांगली गेली. आणि आबांना तर राहवत नव्हतं, त्यांनीच सांगितलेलं.

तिनं फार विचार केला नाही. शनिवार आला, तशी तिनं गावातल्या गहिनीनाथच्या एसटीडी बूथवर फोन लावला आणि आबांना बोलावून घेतलं.

"हॅलो, आबा. बरं हाय ना समदं? मी पन... खॉक... मी पन बरी हाय... खॉक, खॉक."

"काय झालं गं?" पलीकडचा आवाज बदलला.

"काय न्हाई वो. जरासा ठसका हाय. जाईल."

पुढच्या शनिवारी ठसका गेलेला नव्हता. त्याच्या पुढच्याही नाही. दगडाबाईनं खोकण्यात नाना प्रकार बसवले. कोरडा, ओला, बोलता बोलता मध्येच तुटणारा. प्रयोगशाळेतल्या फोनवरून एकदा खोकली तर मुथा सर शेजारच्या खोलीतून सुंठीचा काढा घेऊन आले, अर्थात वर झाकण ठेवून. तिला तो बिनसाखरेचा पूर्ण प्यावा लागला. गावाहून भागूबाईंचा निरोप आला, की ह्यांनी विहिरीकडं जायचंच सोडलंय, मोटारही मीच चालू करते आणि मला दोनदा शॉक बसला.

मार्चमध्ये आबांचं रक्त पुन्हा काढलं. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. तीच नळी, तोच नायट्रोजन, तोच साक्षीदार. दगडाबाईनं झाकण लावलं, खिट्टी नव्हती तरी अंगठ्यानं दाबलं आणि ओढून पाहिलं.

पुण्याला संदीपनं नळी यंत्राला लावली. कागद सरकत बाहेर यायला लागला तशी ती यंत्रावर ओणवी झाली. सोळाच्या जागी काही नाही. बत्तीसच्या जागी काही नाही. रेघ सपाट. "हं," संदीप म्हणाला, आणि दगडाबाई कागद हातात घेऊन जिना उतरून संस्थेच्या फाटकाबाहेरच्या बूथवर पळाली.

"आबा!" गहिनीनाथनं आबांना बोलावून आणताच ती ओरडली. "गेलं! शिखर गेलं! गोनीतली माती गेली समदी! माजा विषय ऱ्हायला, आबा! मी सरांना..." आणि पळून दम लागलेला, त्यात घाई, तिला असा सणसणीत ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. बूथवाला उठून उभा राहिला.

पलीकडं आबांनी तो ठसका शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"दगडे," आबा म्हणाले, "पानी पी आधी. ह्यो खरा हाय."

ती खोकत खोकतच थांबली. "म्हंजे?"

"म्हंजे आदीचे समदे खोटे हुते. पयल्याच शनवारी कळलं मला. तुजा ठसका मी वळखत न्हाई व्हय? जल्मभर ऐकतोय."

"तुमाला म्हाईत हुतं?" ती बूथमध्येच ओरडली. "मंग बिडी कशाला सोडली?"

"आता कसं सांगू तुला," आबा म्हणाले. त्यांच्या मागं गहिनीनाथच्या बूथवरची गर्दी ऐकू येत होती, कुणीतरी शिर्डीच्या गाडीचं विचारत होतं. "दर येळी म्हनायचो, खोटा हाय, जाऊन वढावी येक. बांधापातूर जायचो. मंग वाटायचं, आन् येखांदा खरा असला तर?"

मीटरचे आकडे पळत होते आणि दगडाबाई नुसती उभी होती, कागद छातीशी धरून.

"पिलीस का पानी?" आबांनी विचारलं.

तिनं पर्समध्ये हात घातला. बाटलीला झाकण नव्हतं. पाणी सगळं पर्समध्ये सांडून गेलं होतं.

"पिले, आबा," ती म्हणाली.